जुलैअखेरची अदलाबदल

या पृथ्वीतलावर आजवर असा एकही निर्णय झालेला नाही, जो आमच्या साडूंना विचारून घेतला असता तर अधिक चांगला झाला नसता. हे माझं मत नव्हे, त्यांचं आहे. पण इतकी वर्षं रोज सकाळी दुबई सिलिकॉन ओएसिस ते अल क्वोज एवढ्या रस्त्यात ते माझ्या कानावर पडत आलं, की आता मलाही ते माझंच वाटू लागलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याच इमारतीत, आमच्याहून दोन मजले वर त्यांचं बिऱ्हाड, आणि जगाकडेही ते साधारण तेवढ्याच उंचीवरून बघत. नोकरी अल क्वोजमध्ये, एअरकंडिशनिंगच्या सामानाच्या एका गोदामाचे मॅनेजर म्हणून. माझं ऑफिस त्यांच्या पुढच्याच सिग्नलला असल्यामुळे गाडी एकच. ती मी चालवायची, कारण गाडी चालवताना फोनवर मॅच बघणं हा या देशात गुन्हा आहे आणि साडू अत्यंत कायदेभीरू आहेत.

मॅच म्हणजे क्रिकेटची असेल, असं कुणालाही वाटेल. तेवढं आमचं भाग्य नव्हतं. साडूंचा जीव बेसबॉलमध्ये अडकलेला होता. पूर्वी कधीतरी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावी धाडलं होतं. तिथे कुणी भल्या माणसाने त्यांना स्टेडियममध्ये नेलं. माणसं तीन तास भुईमुगाच्या शेंगा खात बसली आहेत, मैदानात विशेष काही घडत नाही, आणि तरीही प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं आहे, हे दृश्य बघून आपण घरी पोचलो आहोत असं त्यांना वाटलं म्हणे. तेव्हापासून त्या गावचा संघ हे आमच्या साडूंचं कुलदैवत. संघाचं नाव मी सांगत नाही; त्याने आधीच खूप सोसलं आहे. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे सुरू होते, त्यामुळे आम्ही निघायच्या वेळी तो संघ हरण्याच्या ऐन भरात असे, आणि उरलेलं हरणं आम्ही अल क्वोजपर्यंत मिळून पार पाडत असू.

पण मॅच हे केवळ निमित्त. साडूंचा खरा सण जुलैअखेरीस. तिकडे अशी पद्धत आहे की एका ठरलेल्या दिवसापर्यंत संघांनी आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करायची. तो दिवस गेला की दुकान बंद. या दिवसाला ट्रेड डेडलाइन म्हणतात. ज्या संघाला यंदा जिंकायची आशा आहे तो मुरलेला खेळाडू घेतो, आणि ज्याची आशा सुटली आहे तो आपला मुरलेला खेळाडू देऊन बदल्यात दोन-तीन पोरसवदा खेळाडू पदरात पाडून घेतो. आपल्याकडे जुनी जरीची साडी देऊन बोहारणीकडून स्टीलचे दोन डबे घ्यायचे, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की बोहारीण गेल्यावर घरातली बाई दोन दिवस हळहळते आणि विसरते. साडू पुढचा जुलै येईपर्यंत हळहळत. "साडूभाऊ," ते मला सांगत, "खेळायला काय, कुणीही खेळेल. कुणाला द्यायचं आणि कधी द्यायचं, हे कळायला अक्कल लागते." आणि मग प्रत्येक अदलाबदलीला दहापैकी गुण. त्या संघाच्या कारभाऱ्यांना त्यांनी चारच्या वर कधी गुण दिल्याचं मला आठवत नाही. कारभाऱ्यांना हे कळत नव्हतं म्हणून, नाहीतर बिचाऱ्यांनी राजीनामे दिले असते.

हीच मोजपट्टी ते घरादारालाही लावत. एकदा सासूबाई दुबईला आल्या होत्या. सगळे जेवायला बसलेले. साडूंनी वरणभात कालवता कालवता सासूबाईंच्या जावई निवडण्याच्या कारकिर्दीचा आढावा घेतला. "मोठीच्या वेळी तुम्ही शांतपणे, मार्केट बघून डिसिजन घेतलात. नऊ गुण. धाकटीच्या वेळी मात्र डेडलाइनचं प्रेशर आलं असावं." धाकटा जावई म्हणजे मी, त्यांना तूप वाढत होतो. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी इन्कारही केला नाही. साडूंची मुलगी तेवढी ताटावरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, नोबडी आस्क्ड." या घरात न्यायबुद्धी आहे ती त्या मुलीपाशी.

मत देऊन थांबले असते तरी चाललं असतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या क्रिकेट संघाची व्यवस्था एका वर्षी त्यांच्याकडे आली. आमचा विकेटकीपर म्हणजे पन्नाशीला आलेला एक चार्टर्ड अकाउंटंट. चेंडू सगळे सुटायचे, पण माणूस प्रत्येक शनिवारी न चुकता यायचा, सगळ्यांचं किट स्वतःच्या गाडीत वाहायचा आणि येताना बायकोच्या हातची थालीपिठं आणायचा. साडूंनी त्याला शारजाच्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात दोन कॉलेजकुमार घेतले. पहिला सामना व्हायच्या आत एक पोरगा शिकायला मेलबर्नला गेला आणि दुसरा टोरांटोला. आम्ही दहा जण, किटविना, उपाशीपोटी वाळूत उभे. पलीकडे शारजाचा संघ थालीपिठं खात होता. "लाँग टर्म बघा," साडू म्हणाले. "इमोशनल होऊन संघ चालत नाही."

हे त्यांचं ब्रीदवाक्यच. त्यांच्या लाडक्या संघात एक म्हातारा कॅचर होता. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरचाच चुलतभाऊ. गुडघे गेलेले, बॅट कशाला लागत नाही, पण गावाचा लाडका. तो मैदानात आला की लोक उभे राहत. साडू ओळीने तीन वर्षं त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. "विका त्याला! अजून दोन पोरं मिळतील त्याची!" हे ते गाडीत इतक्या तळमळीने ओरडत, की शेजारच्या लेनमधल्या माणसाला आम्ही बोकड विकायला निघालो आहोत असं वाटावं. आणि लगेच त्यांना गोदामातले दळवी आठवत. दळवी गुहागरकडचे, गोदामातले सगळ्यांत जुने स्टोअरकीपर. वस्तू अशी ठेवत की दुसऱ्या कुणाला सापडू नये, आणि बऱ्याचदा ती त्यांनाही सापडत नसे. जेवणानंतर डक्टच्या खोक्यांआड तासभर डोळा लागलेला. गुडघ्यामुळे शिडी चढणं बंद. शिवाय तोंडाने फटकळ. "माझ्या संघात असता तर पहिल्या दिवशी दिला असता," साडू म्हणत. पण दळवी त्यांच्याच संघात होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नसे.

ती दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत त्यांच्या लक्षात आणून देण्यात आली. मुलगी दहावीला म्हणून त्या वर्षी सुट्टीतही घरातलं कुणी पुण्याला गेलं नव्हतं. कंपनीने पार पश्चिमेला, गाडीने साडेतीन तासांवरच्या रुवैसला, नवं गोदाम उघडलं होतं. तिथे जुनी, मुरलेली माणसं कुणी नव्हती. लेबनीज जीएमने साडूंना बोलावलं आणि सांगितलं, "हबीबी, तुझ्याकडचा एक सीनियर माणूस रुवैसला दे. बदल्यात तिकडची दोन तरुण पोरं घे. महिनाअखेरपर्यंत नाव सांग. नाही म्हणेल त्याचा व्हिसा कॅन्सल, खलास."

साडूंनी मला हे गाडीत सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं. "साडूभाऊ, तुमची तर दिवाळी! जन्मभर ज्याची वाट बघितलीत तेच आलं की चालून. दळवी द्या, दोन पोरं घ्या. दहापैकी दहा." पुढचे कित्येक दिवस ते गाडीत नुसते बसून असत. फोनवर मॅच चालू, आवाज बंद. संघ इमानेइतबारे हरत होता आणि त्याला कुणी शिव्या देत नव्हतं. मला त्या शांततेत गाडी चालवायची सवय नव्हती. दोनदा मी चुकीच्या एक्झिटला वळलो.

महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना घ्यायला गोदामात गेलो. केबिनमध्ये मला खुर्ची दिली, चहा मागवला. तेवढ्यात दळवी दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. फटकळ माणूस, त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा.

"सायब, रुवैसला माझं नाव लावताय ना?"

"अजून ठरलं नाही, दळवी."

"लावा. तुमची अडचण नको. मी जाईन म्हणतो," दळवी म्हणाले. मग खाली बघून, "पण गुडघ्याला विचारलं, तो येत नाही म्हणतो. तिकडचं गोदाम दोन माळ्यांचं हाय म्हणे."

साडूंनी समोरचा चहा त्यांच्याकडे सरकवला. "बसा," म्हणाले. दळवी बसले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच चहा संपवला, कप स्वतः विसळून आणला आणि गेले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मग?" साडू म्हणाले, "एसी जरा वाढवा."

योगायोगाचा भाग म्हणजे तिकडची डेडलाइनही त्याच रात्रीची. सकाळी साडू गाडीत बसले तोवर बातमी माझ्याही फोनवर आली होती. त्यांच्या संघाने म्हातारा कॅचर विकला होता, आणि बदल्यात दोन तरुण पिचर, म्हणजे आपले बोलर, घेतले होते. साडूंनी तीन वर्षं जे बजावलं तेच, अक्षरशः.

"अभिनंदन!" मी म्हटलं. "शेवटी ऐकलं बुवा त्यांनी तुमचं."

साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याची मुलं तिथल्याच शाळेत असतील हो."

"कुणाची?"

"कॅचरची."

या माणसाने कुठल्याही खेळाडूला मुलंबाळं असू शकतात ही शक्यता आजवर विचारात घेतलेली नव्हती. गोदामाशी उतरताना ते दार धरून थांबले आणि एकदम चिडून म्हणाले, "गाढव आहेत लेकाचे. एवढी घाई काय होती?" आणि दार आपटून आत गेले.

संध्याकाळी गाडीत परत आले ते पट्टा लावता लावता म्हणाले, "झाली डील. रुवैसला मी चाललोय."

जीएमलाही आधी ते कळलं नव्हतं. "मी सीनियर माणूस मागितला होता, मॅनेजर नव्हे," तो म्हणाला. साडू म्हणाले, "सीनियर मीच आहे. शिडी चढता येते. दोन पोरं इथे पाठवा, दळवी त्यांना शिकवतील." यावर जीएमने त्यांच्याकडे, उन्हात डोकं तापलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि मग हात हलवून म्हणाला, "यल्ला, जा."

त्या संध्याकाळी दोन मजले वरचा आवाज आमच्या घरात स्पष्ट ऐकू येत होता. थोड्या वेळाने बायको मला घेऊन वर गेली. तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, डोळे लाल. "बघा तुमच्या साडूंचा पराक्रम," त्या मला म्हणाल्या. "मुलीची दहावी. गोदामाला दोन पोरं मिळाली आणि माझ्या घरातून नवरा गेला. आता द्या म्हणावं गुण!" मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क अस," एवढंच ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

साडू बराच वेळ चष्मा पुसत होते. "आठवड्याला येईन ना गं," म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "बाहेरून बघणाऱ्याला सोपं वाटतं हो. आतलं ज्याचं त्याला माहीत." हेच वाक्य अमेरिकेतले ते कारभारी बिचारे किती वर्षं कुणीतरी म्हणावं म्हणून वाट बघत असतील.

दळवींना यातलं काही कळलं नाही. सायबांना मोठी साइट मिळाली, प्रमोशन झालं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मध्ये मीना बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मोठे झाले तुमचे सायब. जाताना धड बोलले पण नाय. आता आमची कुठली ओळख!" मी त्यांना काही सांगितलं नाही, साडूंनी तशी शपथ घातली होती. ती दोन तरुण पोरं मात्र चांगली निघाली, असं ऐकतो. दळवी त्यांना दिवसभर शिव्या घालतात आणि दुपारी त्यांच्यावर गोदाम सोपवून झोपतात.

साडू पहिले काही महिने दर शुक्रवारी रात्री येत, मग एका आठवड्याआड. एवढं ड्रायव्हिंग त्यांना झेपेना. गेल्या थंडीत आम्हीच सगळे रुवैसला गेलो. माणूस काळवंडला होता आणि बारीक झाला होता. स्वतः पिठलं केलं होतं, त्यात गुठळ्या होत्या, आणि कुणीही काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "गुठळ्या झाल्यात, ठाऊक आहे." आम्हाला समुद्रावर नेलं. ताई आणि मुलगी पुढे पाण्याशी गेल्या. आम्ही दोघे मागे वाळूत बसलो. मुलीला दहावीत चांगले मार्क मिळाले होते. ते सगळं अभ्यासाचं वर्ष ती कोणत्या खुर्चीत बसायची, रात्री दूध प्यायची का, असले प्रश्न ते मला विचारत होते. जणू त्या घरात मीच जास्त राहिलो होतो. तसं ते खरंही होतं.

"दळवी कसे आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मजेत. जेवल्यावर अजून झोपतात."

"झोपू दे," साडू म्हणाले.

निघताना त्यांनी ताईंच्या हातात खजुराचा डबा दिला, मुलीच्या डोक्यावर उगाच टपली मारली, आणि मला म्हणाले, "सावकाश जा, साडूभाऊ. घाई नाही." मुलगी मागच्या सीटवर उलटी वळून बघत बसली. मी आरशात बघत होतो. फाटकाशी एक हात वर करून ते उभे होते. तिकडचा रस्ता अगदी सरळ आहे. वळण लवकर येत नाही. त्यामुळे माणूस फार वेळ दिसत राहतो.