जोडीचं पद

दत्तरावांना गाता येत नाही. त्यांनी तोंड उघडलं की गोठ्यातली म्हैस दावं तोडते, असं त्यांची बायको तानुबाई चारचौघांत सांगते आणि दत्तराव खाली मान घालून हसतात. मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधून त्यांची बोटं राठ झालेली. पण तीच बोटं पेटीवर पडली की माणसं बोलायची थांबतात. आपल्या वाजवण्याची त्यांना फार घमेंड नाही. घमेंड आहे ती एकाच गोष्टीची. शिवप्रसाद आणि सरजाबाई यांच्या पदाला साथ कायम त्यांचीच असायची.

चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हे गाव. कोण्या एका मास्तरानं फार पूर्वी गावासाठी एक संगीत नाटक लिहिलं होतं, नावाडी आणि पाटलाची लेक यांच्या प्रेमाचं. नाटक गाव विसरलं. त्यातलं दोघांचं पद तेवढं उरलं. ती या काठावर, तो त्या काठावर, मध्ये गंगा, म्हणजे आपली गोदावरी. ती एक ओळ विचारते, तो एक ओळ उत्तर देतो आणि शेवटची ओळ त्याची:

ऐल ना पैल राहिले आता, आलो तुझिया संगा.

शिवप्रसाद आणि सरजाबाई हे नवरा-बायको. घरात दोघांचा विळ्या-भोपळ्याचा संसार. मीठ जास्त पडलं तरी आठ-आठ दिवस अबोला. पण पद सुरू झालं की सरजाबाईच्या जाड्या-भरड्या आवाजाला असा काही ओलावा यायचा की ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. शिवप्रसाद दुसऱ्या ओळीवर एक सूर धरून ठेवायचा. कधी चटकन सोडायचा, कधी श्वास संपेल की काय असं वाटेपर्यंत लांबवायचा. तो कधी सोडणार हे दत्तरावांनाही कळत नसे. सरजाबाईला मात्र कळायचं. तिची ओळ बरोब्बर त्या टोकाला येऊन चिकटायची. एवढं प्रेम ही दोघं घरी नेमकं कुठं ठेवतात, हे कोडं दत्तरावांना हयातभर सुटलं नाही.

दसरा झाला की निम्मं गाव कोल्हापूरकडं ऊस तोडायला निघतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि नाक मुरडतो. निघायच्या सकाळी सगळे कोयते मारुतीच्या पारासमोर जोडीजोडीनं एका पोत्यावर बसतात आणि पद ऐकतात. पूर्ण पद ऐकलेली जोडी, जोडीनंच परत येते. एका साली पेटीचा भाता फाटला आणि पद मध्येच थांबलं. त्या साली एक बाई गावात एकटीच उतरली. तेव्हापासून पद अर्धं राहू द्यायचं नाही, हा गावाचा कायदा झाला.

यंदा चैत्रात शिवप्रसाद गेला. आणि यंदाच दत्तरावांचा मुलगा बालाजी आणि सून पिंकी पहिल्यांदा तोडीला निघाले. पिंकीला चौथा महिना. दत्तरावांनी पूर्णेहून एक गाणारा पोरगा ठरवायचं बोलून पाहिलं.

सरजाबाईनं ऐकूनच घेतलं नाही. "दत्तभावजी, त्यांच्या ओळी मोकळ्या सोडा. त्यांचं ते म्हणतेत."

"वहिनी, आसं कसं होईल?"

"तुमी निस्ता सूर धरा."

निघायच्या सकाळी सरजाबाई पाराच्या डाव्या कोपऱ्यात बसली, नेहमीच्या जागी. उजवीकडची घोंगडी रिकामी. समोर पोत्यांवर जोड्या. पिंकी पहिल्याच रांगेत, शेजारी तंबाखू मळणारा बालाजी. या पोराचा आणि गाण्याचा छत्तीसचा आकडा. आरतीतसुद्धा तो नुसत्या टाळ्या वाजवतो.

सरजाबाईनं पहिली ओळ म्हटली. मग थांबली. दत्तरावांनी भाता हलवत सूर धरून ठेवला. पिंपळाचं पान हलत नव्हतं. रिकाम्या घोंगडीकडं बघत सरजाबाईनं मान डोलवली आणि ठरल्या वेळी उचलावी तशी पुढची ओळ उचलली.

दुसऱ्या खेपेला ती फार वेळ थांबली. सूर धरून-धरून दत्तरावांचा हात भरून आला. सरजाबाईच्या चेहऱ्यावर मात्र शिवप्रसादानं सूर ताणला की यायचं तेच हसू हळूहळू उमटत गेलं. मग तिनं ओळ उचलली. तेवढाच वेळ, तीच जागा. कुठल्या टोकाला ती चिकटली, ते दत्तरावांना ऐकू आलं नाही. पण टोक होतं, याबद्दल त्यांच्या बोटांना शंका राहिली नाही.

मग शेवटची ओळ. शिवप्रसादाची.

सगळं पार त्या घोंगडीकडं बघत होतं. काहीच नाही. पेटीचा सूर आणि माणसांचे श्वास. थोड्या वेळानं सरजाबाईनं डोळे पुसले आणि दत्तरावांकडं वळून म्हणाली, "झालं. आज लय गोड म्हणले."

जोड्या दत्तरावांच्या तोंडाकडं बघू लागल्या. साथीला बसलेला माणूस सांगेल ते खरं. त्यांना काडीचंही ऐकू आलं नव्हतं. पण पिंकीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी समेवर बोटं दाबली, भाता मिटला आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हणला त्यो. म्या ऐकलं."

"आमीबी ऐकलं," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग सगळेच. बाया हसू लागल्या, पोती झटकली गेली, ट्रॅक्टर सुरू झाला. दत्तरावांना हलकं वाटलं. एवढं खोटं देवही माफ करील, असं ते मनाशी म्हणाले.

पिंकी पाया पडायला वाकली. तिचा चेहरा उजळला होता.

"मामा, मला वाटलं शिवप्रसादमामाचा आवाज यील. पर त्यो ह्यांचा आला."

"कुणाचा?"

"ह्यांचा. आवो, मी शेजारीच बसल्याली. ह्यांचं तोंड मिटल्यालं, तंबाखू धरली व्हती. अन् आवाज समोरून, घोंगडीवरून येत व्हता. शेवटची ओळ अख्खी म्हणले. तुमीच शिकिवलं का वो ह्यांना चोरून?"

ती लाजून हसली आणि ट्रॉलीकडं गेली. दत्तराव पेटीला धरून उभे राहिले. त्या घोंगडीवरून आज गेलेला माणूसच गाणार होता. बालाजीनं तिला हात देऊन वर ओढून घेतलं, तसे ते ओरडत ट्रॉलीकडं धावले.

"थांबा! ट्रॅक्टर थांबवा! पद झालं न्हाई! म्या खोटं बोललो, म्या कायबी ऐकलं न्हाई!"

मुकादम वैतागला. "दत्तराव, समद्या गावानं ऐकलंय. निघायच्या टायमाला आता कशाला अपशकून करायलाव?"

"आमी ऐकलं की," ट्रॉलीतल्या बाया म्हणाल्या. त्या शपथेवर सांगायला तयार होत्या. सरजाबाई पारावरून त्यांच्याकडं बघत राहिली, एखाद्या वेड्याकडं बघावं तशी. दत्तराव ट्रॉलीच्या फळीला लटकले, बालाजीचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढू लागले.

बालाजीनं ते हळूच सोडवून घेतलं आणि हसला.

"आबा, झालं की पद," तो म्हणाला. "कवाच झालं."