शेअर बाजाराच्या शिबिरात गाऱ्हाणं

मुंबईच्या शेअर बाजारात नोकरीला असलेली माझी मुलगी आमच्याच गावात भाषण द्यायला येणार, हे कळल्यापासून मला चैन नव्हती. गुंतवणूकदारांना शहाणं करायचं शिबिर, आणि तेही कुणकेश्वराजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत. सोबत तिचे साहेब येणार होते. भाषण जमलं तर कोकणातली सगळी शिबिरं तिच्याकडे, असं तिने फोनवर सांगितलं होतं. मी वाडीभर फिरून एकेकाला बजावलं, "जरा नीट वागा रे. मोबायल बंद ठेवा. मधीच उठान जाव नकात." स्वतःला कोण बजावणार? मेलो मी शाणो!

त्यांची गाडी उशिरा आली, त्यामुळे ओळखीपाळखी राहिल्याच. आंब्याचा हंगाम संपलेला, म्हणून हॉल गच्च भरला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसलो.

पोर काय बोलली हो! पूर्वी मुंबईत दलाल वडाच्या झाडाखाली उभं राहून सौदे करायचे. मग डोक्यावर छप्पर आलं, तिथे ते हातवारे करत, घसा फोडून भाव ओरडायचे. आता ओरडा गेला आणि संगणक आले. "बाजार स्वतः काही विकत नाही," ती म्हणाली. तारकर्लीतल्या कुणी मोबाइलवर मागणी टाकली आणि तिकडे दिल्लीत कुणी विकायला बसलेला असला, तर यंत्र दोघांची गाठ घालून देतं. जास्त भाव देणारा पुढे, भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे. तिथे वशिला चालत नाही. शिवाय मधे एक संस्था उभी असते, एकाने हात वर केले तरी दुसऱ्याचा सौदा पुरा करणारी. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या आंब्याच्या दलालाक ह्या सांग गो बाय!" लोक हसले, तीही हसली. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटी तिने हात जोडले. आवाज चढवून, एका लयीत म्हणाली, "कोणी फोनवर गोड बोलेल, कोणी दारात येऊन दुप्पट करून देतो म्हणेल, कोणी आपल्याच नात्यातला गळ घालेल, त्या सगळ्यांपासून आपली पुंजी सांभाळून ठेवा..." आणि श्वास घ्यायला थांबली.

"व्हय महाराजा!" मी खणखणीत ओरडलो.

आमच्याकडे देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, असेच हात जोडून 'सगळ्यांना सांभाळ' असं देवाला लांबलचक गाऱ्हाणं घालतो, आणि तो थांबला की मागे उभ्या असलेल्यांनी हेच म्हणायचं असतं. जन्मभर म्हणत आलोय. तोंडाला सवय, दुसरं काय! माझ्यामागून अख्खा हॉल गरजला, "व्हय महाराजा!" मग जो हशा उसळला तो थांबेचना. साहेब दचकून इकडेतिकडे बघत होते. मुलीचा चेहरा लालबुंद झाला. तिने कसेबसे आभार मानले आणि ती खाली बसली. मला मान वर करवेना. एवढा गाव शिकवून तयार केला आणि माती खाल्ली ती मीच. त्या गर्दीतून कुठे तोंड लपवू, असं झालं.

चहाच्या वेळी साहेब हसतच माझ्याकडे आले. मुलगी त्यांच्या मागेच होती, हातात दोन कप घेऊन.

"ती आरोळी तुमचीच ना? मजा आली! आमच्या मॅडम तुमच्या कोण?"

तिला आणखी खाली बघायला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी ऑफिसातलं मराठी शोधत म्हणालो, "कोणी नाही, साहेब. गावातली मुलगी."

साहेब मान डोलावून पुढे गेले. तिने दोन्ही कप बाकावर ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी वरडलात तेव्हा माका लाज नाय वाटली. आता वाटता."