मास्तरांनी हात वर केला

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. माप घेता घेता समोरच्याला बोलतं करायची त्यांना खोड, त्यामुळे कुणाचे गुडघे दुखतात आणि कुणाची सून अडली आहे, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं. सगळ्यांचं रडगाणं एकच: सरकारी दवाखाना दुपारनंतर बंद.

एका संध्याकाळी त्यांच्या बायकोलाच दम्याचा झटका आला. दवाखान्याला कुलूप. भाड्याची गाडी करून शहर गाठेपर्यंत तिचे ओठ निळे पडले. ती वाचली, पण मास्तरांच्या मनातून ते कुलूप काही गेलं नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीला ते उभे राहिले. भाषण एवढंच, "दवाखाना दिवसरात्र उघडा ठेवीन." लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

निवडून आल्यावर खरी गोम कळली. सरकारनं आरोग्य सुधारणेची मोठी घोषणा केली होती, पण पैसे फक्त इमारतीसाठी. डॉक्टर, नर्स यांचे पगार गावानं द्यायचे.

"हे कसलं उलटं?" मास्तरांनी नगराध्यक्षबाईंना विचारलं.

बाई हसल्या. "इमारतीची फीत कापता येते, मास्तर. पगाराची फीत कुठे कापणार?"

पगारासाठी एकच मार्ग होता, दुकानांवरची पट्टी, म्हणजे नगरपालिकेचा कर, वाढवायचा. मास्तर आधी आपल्या जिवलग दोस्ताकडे गेले. हा किराणा दुकानदार त्यांचा शेजारी, निवडणुकीत घरोघर फिरलेला.

"दवाखाना पाहिजे म्हणून तुला मत दिलं," तो म्हणाला, "पट्टी वाढवायला नाही."

"मग डॉक्टर काय हवा खाऊन राहणार?"

"ते सरकारनं बघावं."

"अरे, सरकार आता मीच की!"

"मग तूच बघ," म्हणत त्यानं तराजू पुढं ओढला.

मास्तरांनी घरी येऊन सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "माझ्यापायी सगळ्या बाजाराचं वाईटपण घेऊ नका."

"तुझ्यापायी नाही गं," ते म्हणाले. "खरं सांगू? सुरुवात तुझ्यापायीच झाली. पण आता दुसऱ्याची बायको गाडीत तशी पडलेली दिसते मला."

उठून तिनं त्यांचं ताट वाढलं.

नगरपालिकेच्या सभेत पट्टीवाढीच्या ठरावावर मतदान अगदी अटीतटीचं झालं. शेवटी मास्तरांचं मत उरलं. दारात बाजारातली ओळखीची माणसं दाटीवाटीनं उभी होती, त्यांचे बहुतेक शर्ट मास्तरांनीच शिवलेले. मास्तरांनी हात वर केला आणि ठराव पास झाला.

दवाखान्यात दुसरा डॉक्टर आला, रात्रीची नर्स आली. मास्तरांच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक फिरकेना. पुढच्या निवडणुकीत ते सपाटून आपटले, डिपॉझिटसुद्धा गेलं. जिंकला तो किराणा दुकानदार. त्याचं भाषणही एकाच वाक्याचं होतं, "पट्टी कमी करीन."

काही महिन्यांनी तो मास्तरांच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. कापड काही आणलं नव्हतं.

"वाढवलेली पट्टी पूर्ण काढली तर रात्रीचा दवाखाना बंद पडतो," तो म्हणाला. "आणि आता बंद केला तर लोक मला उभं जाळतील. सवय झाली त्यांना."

मास्तरांना हसू आलं नाही. आपण असेच अडकलो होतो तेव्हा हा तराजूमागे उभा होता, हे त्यांना आठवलं. पण "रात्रीची नर्स काढू नकोस," एवढंच म्हणाले.

पट्टीची वाढ निम्मी झाली. नर्स राहिली, दुसरा डॉक्टर गेला.

परवा बायकोचं औषध आणायला मास्तर दवाखान्यात बसले होते. शेजारची बाई कडेवरचं तापलेलं पोर सावरत करवादली, "एवढ्या गर्दीला एकच डॉक्टर! कुणी बोलत कसं नाही?"

"सोमवारी नगरपालिकेची सभा आहे," मास्तर म्हणाले. "कुणालाही येता येतं. मी असतो तिथं, मागच्या बाकावर."

बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळख काही पटली नाही.

"पोराचा ताप उतरला तर बघते," ती म्हणाली, आणि तिचा नंबर पुकारला गेला.