कंडक्टरकाकांचा घाट

कंडक्टरकाका कधी कुणाच्या पुढे चालले नाहीत. वरात असो, भाजीबाजार असो की कुणाची मयत असो, ते सगळ्यांत मागे. "कंडक्टरचं दार मागं असतंय, बाई," ते मला सांगत. "मागनं समदी गाडी दिसती. कोन चढलं, कोन उतरलं, कोन ऱ्हायलं." बत्तीस वर्षं एसटीत काढून ते निवृत्त झाले आणि सोलापूरजवळ कुंभारीला आमच्या शेजारच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधून राहायला आले. दारात त्यांनी भंगारवाल्याकडून आणलेली जुन्या बसमधली घंटी बसवली होती, दोरीसकट. दोरी एकदा ओढली की काकूंनी असतील तिथं थांबायचं आणि काका काय सांगतात ते ऐकायचं. दोनदा ओढली की कामाला लागायचं. मी शाळेत शिकवते, माझा जन्म घंटेवर नाचण्यात गेला, पण स्वतःच्या घरात हौसेनं घंटा टांगणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

अशा माणसाच्या बायकोला गाडी लागायची! बसमध्ये पाय ठेवला की काकूंच्या पोटात ढवळायला सुरुवात. काकांना मिळणारा कुटुंबाचा पास वर्षानुवर्षं कोरा राहिला. "पास घिऊन करू काय? मोहोळ यायच्या आत पिशवी लागतीया," काकू म्हणायच्या. त्यांचं सगळं जग सायकलवर. अंगणवाडीत मदतनीस होत्या, तेव्हा रोज सायकलनंच जायच्या. साठी आली तरी दळणाचा डबा कॅरिअरला बांधून ऐटीत गिरणीत जायच्या आणि वाटेत कुत्रं आडवं आलं तर त्याला नावानं हाक मारून बाजूला करायच्या.

नोकरीत काकांनी अकरा वर्षं सोलापूर-चिपळूण गाडी केली होती. घरी आले की जेवताना ते काकूंना घाट सांगत. कुंभार्ली घाट. ते शेजारी राहायला आले तोवर ही गोष्ट दोघांच्या तोंडी पाठ झाली होती, तरी रोज नव्यानं चालायची. "हेळवाक सोडलं की चढ लागतोय. माथ्यावर चहाची टपरी. टपरीच्या फुडं धा पावलं गेलं की जमीन संपती."

"संपती म्हंजे?" काकू प्रत्येक वेळी विचारायच्या.

"संपती म्हंजे संपती! खाली समदा कोकन. हिरवागार."

आमच्या सोलापूरकडं जमीन कुठंच संपत नाही. ज्वारी संपते, पाणी संपतं, जमीन मात्र क्षितिजापर्यंत पसरलेलीच. त्यामुळे काकूंना त्या एका वाक्याचं फार वेड होतं. जमीन संपते कशी, ते त्यांना एकदा बघायचं होतं.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बराच पुढं गेलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यात बाजूची नजर आधी जाते, माणूस नळीतून बघितल्यासारखं बघत राहतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची, एवढंच. मी बरोबर होते. काकांनी एकच प्रश्न विचारला, "टाईम किती हाय?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, वर्ष म्हणा, दीड म्हणा. त्या दिवसापासून काकांच्या जुन्या तिकिटाच्या चामडी पिशवीत थेंबांची बाटली आली. सकाळी साडेसहाची फेरी आणि रात्री साडेआठची फेरी. एकही फेरी कधी रद्द झाली नाही.

आणि आठ दिवसांत त्यांनी जाहीर केलं की काकूंना घाट दाखवायचा. बस चालत नाही, जीपमध्येही तेच, म्हणजे सायकलवर. मी भांडले. या वयात, एवढ्या लांब, डोळ्यांची ही अवस्था! ते शांतपणे म्हणाले, "तिचं समोरचं अजून झ्याक हाय. रस्ता समोरच असतोय की." शहरातली सायकलवाली पोरं गिअरच्या सायकली द्यायला तयार होती, त्यांना काकांनी वाटेला लावलं. "गिअर कशाला? चढ आला की उतरायचं आन ढकलायचं. घाटात तर चढ काय, उतार काय, चालतच."

"निदान दिवाळीनंतर जा," मी म्हटलं, "आभाळ मोकळं असतं." तर म्हणे, दिवाळीनंतर डोंगर पिवळा पडतो, हिरवा बघायचा तर श्रावणातच. आणि धुकं? "माझी गाडी अडीचला माथ्यावर असायची. अडीचला लख्ख असतंय, बाई. धुकं अडीचला नसतंयच." धुक्याचंही वेळापत्रक असतं यावर त्या माणसाचा पूर्ण विश्वास होता. मी हसले. तेव्हा हसायला नको होतं, हट्ट धरायला हवा होता, असं आता वाटतं.

निघाले त्या सकाळी काकू पुढे, काका मागे. कॅरिअरला पथारी, पंक्चरचं सामान, हवेचा पंप. काकांनी सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि गाडी सुटली. मला त्यांनी, स्टँडवरच्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या केबिनसारखं, 'कंट्रोल' नेमलं होतं. रोज संध्याकाळी सातला फोन: "कंट्रोल, मोहोळ वेळेवर." "कंट्रोल, पंढरपूर वेळेवर, टायर दोन्ही ठीक." मी खडूचे हात धुऊन सात वाजायची वाट बघत बसायची.

आटपाडीच्या पुढे काकू पडल्या. गुडघा फुटला, बाकी काही नाही. मी काळजीपोटी गल्लीत बोलले, गल्लीनं टेंभुर्णीला त्यांच्या लेकीला कळवलं, आणि लेकीनं रडून फोनवर गोंधळ घातला. सातच्या फोनवर काकांनी मला झापलं. आयुष्यात एकदाच. "कंट्रोलनं गाडी आली आन गाडी गेली, येवढंच सांगायचं असतंय. गाडीत कोन बसलंय आन का रडतंय, ते माइकवर बोलायचं न्हाय." मी मुकाट्यानं चूक कबूल केली. हे वाक्य पुढे माझ्याच मानेवर बसणार आहे, हे मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारीच काकूंचा फोन आला, विट्याहून. काका सायकली दुरुस्तीला घेऊन गेले होते.

"बाई, कुनाला बोलू नगा. मी पडले न्हवं, तवा डाव्या अंगाचा दगुड मला दिसलाच न्हाय. रात्री दिव्याभवती कडं दिसतंय, रंगाचं."

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, आजच्या आज परत आणा, डोळ्यातला दाब वाढला असणार, उरलेली नजर वाचली तर वाचेल. मी काकूंना फोन करून तसंच सांगितलं, ओरडूनच सांगितलं. काकू म्हणाल्या, "परत यिऊन उरलेल्या नजरंनं काय बघू? कुंभारीची भित? त्यांनी तीस वर्सं सांगितलंय वो मला. एकडाव बघू द्या. आन ह्यांना कळलं तर हितनंच सायकल फिरवतील. तुमाला माजी आन हाय."

संध्याकाळी सातला फोन वाजला. ओठांवर आलं होतं सगळं. पण काका हसत होते. "कंट्रोल, एक गंमत! आजपास्नं मी फुडं. ती म्हनती वारा लागतोय, तुमी फुडं व्हा, मी घंटीच्या आवाजामागनं येते. बत्तीस वर्सांत पयल्यांदा फुडं!" ते खरंच खूश होते. मी म्हटलं, "जपून जा," आणि फोन ठेवला. एक शब्द बोलले असते तर कदाचित काकूंचे डोळे वाचले असते, कदाचित वाचले नसते, आणि घाट तर नक्कीच गेला असता. मी काय करायला हवं होतं हे मला आजही कुणी सांगावं. शाळेत मुलांना मी योग्य पर्याय निवडायला लावते, आणि माझ्यापुढे दोन्ही पर्याय चुकीचे होते.

कराड, पाटण करत ते हेळवाकला पोचले. नोकरीच्या काळातल्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्यानं मागची खोली दिली. पुढचे तीन दिवस दोघं रोज सायकली ढकलत माथ्यावर जायचे, बरोबर अडीचला टपरीपाशी उभे राहायचे, आणि अडीचला पुढ्यात पांढऱ्या धुक्याशिवाय काही नसायचं. तीन, साडेतीन, चार. मग अंधाराच्या आत खाली. सातच्या फोनवर काका अपराध्यासारखे बोलत. "आज बी गाडी लेट हाय, कंट्रोल." मग मीच विचारायची की मग काय केलंत इतका वेळ? "काय करनार? सांगितलं तिला. हितं दरी, तितं पोफळी गावची घरं, पल्याड डोंगराची रांग. ती म्हनती दिसतंय मला. तुमी सांगताय तसंच दिसतंय."

त्या तीन दिवसांत बाहेरचं धुकं कुठं संपतं आणि डोळ्यातलं कुठं सुरू होतं, हे काकूंचं काकूंनाही कळलं नसणार.

चौथ्या दिवशी फोन सकाळी आला. मी हजेरी घेत होते. वर्गाबाहेर येऊन उचलला. या वेळी काका 'कंट्रोल' नाही, 'बाई' म्हणाले.

"बाई, धुकं गेलं. आमी आज परत निगनार हुतो, म्हनलं निगायच्या आदी एक च्या पिऊ माथ्यावर. आन बघतोय तर लख्ख. समदा कोकन उगडा. खालची घरं मोजून घ्यावी."

"काकूंना दाखवलंत?"

"माझ्या शेजारी हुबी हुती. मी बोलायच्या आधी तीच म्हनली, आज तर कालच्यापरीस जास्त धुकं हाय वो. मी म्हनलं, व्हय. लई हाय."

मी वर्गाचं दार ओढून घेतलं.

"आता टपरीवर च्या पितीया. तिला सांगू नगा, बाई. धुकंच हुतं म्हनायचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? रोजच्यासारखं सांगितलं. फकस्त आज माझ्याम्होरं हुतं, येवढंच."

भाजीच्या टेम्पोत सायकली टाकून, काकूंच्या हातात पिशवी देऊन, ते कराडला आले आणि तिथून गाड्या बदलत रेल्वेनं घरी. डॉक्टरांनी तपासलं. वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तरीही साडेसहा आणि साडेआठच्या फेऱ्या चालूच राहिल्या. काका जेवताना घाट सांगत राहिले. शेवटी म्हणायचे, "फुडच्या साली धुकं नसंल तवा जाऊ." काकू म्हणायच्या, "व्हय." मी कधी वाटीभर आमटी द्यायला गेलेली असायची आणि दोघांच्या मध्ये वाटी धरून उभी राहायची. काकूंनी मला सांगितलं होतं ते काकांना सांगायचं नव्हतं, काकांनी सांगितलं होतं ते काकूंना सांगायचं नव्हतं. काका काकूंचा हात धरून आता नेहमी पुढे चालायचे, आणि गल्लीतले लोक त्याचं कौतुक करायचे. मला ते बघवायचं नाही.

पुढचा श्रावण काकांना मिळाला नाही. संक्रांतीनंतरची दुपार होती. काकू आत भाकरी थापत होत्या. दारातली घंटी एकदा वाजली. एक बेल, म्हणजे थांबायचं. काकू पिठाचे हात तसेच धरून थांबल्या. ते काहीतरी सांगतील, मग घंटी दोनदा वाजेल, म्हणून बसून राहिल्या. तव्यावरची भाकरी जळली तरी उठल्या नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा काका उंबऱ्यात दोरी धरून बसले होते, आणि आतून काकू म्हणत होत्या, "किती येळ थांबवताय वो?"

दिवस झाल्यावर टेंभुर्णीची लेक आईला न्यायला आली. गाडी दारात उभी होती. काकूंच्या हातात आधीच पिशवी दिलेली. मी त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं. बसायच्या आधी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि लेकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी माजा शबुद राखलासा. घाटातच माजी नजर गेलती, ह्ये ह्यांना शेवटपातुर कळलं न्हाय. त्या दिवशी घाटात धुकं हुतं, म्हनून निभावलं. ऊन पडलं असतं, तर ह्यांना तितंच कळलं असतं, मला दिसत न्हाय ते. माझ्या देवानंच धुकं धाडलं. हुतं न्हवं धुकं?"

"होतं, काकू," मी म्हटलं. "लई होतं."