दिगूच्या डब्यातलं उष्टं

दिगंबर गेल्याची बातमी आली तेव्हा मी मानोऱ्याच्या एका लग्नात स्टेजवर माईक धरून उभा होतो आणि नवरदेवाच्या मामांना विनवत होतो, की मामा, फोटो पुष्कळ झाले, आता अंतरपाटाकडे या, नाहीतर नवरी तुमच्याशिवायच उरकून घेईल. मांडव हसला. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. दिगूच्या बायकोच्या, वंदनावहिनींच्या भावाचा एका ओळीचा निरोप होता... दाजी सकाळी गेले, अकोल्यातच. मी फोन खिशात ठेवला आणि पुढचं वाक्य बोललो. कोणतं, ते आठवत नाही; पण मांडव पुन्हा हसला, एवढं आठवतं. निवेदकाला भर मुहूर्तावर रडायची सोय नसते. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि मी मांडवामागे, आचाऱ्यांच्या चुलाणांकडे जाऊन उभा राहिलो. फोन पुन्हा वाजला. म्हटलं, कोणीतरी खबर द्यायला करत असेल. पलीकडून आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बोलत होते, "सुभाषभाऊ, दिगूभाऊचा डबा बंद हाये का? पोरीचं लगन पाहून राह्यलो होतो, नुसतं चाक फिरून राह्यलं."

"दिगू गेला," मी म्हटलं.

"अरे अरे अरे..." पलीकडे हळहळणं झालं. रीतीपुरतं. मग, "मंग आता डबा कोन चालू करन?"

आता काही आठवडे झाले. चौकात लागलेला श्रद्धांजलीचा फलकही उतरला. त्यावर त्याला 'मनमिळाऊ' म्हटलं होतं. मनमिळाऊ! कारंजा लाडात दिगूइतका तिरसट माणूस शोधून सापडला नसता. लग्नात नवरदेवाचा बाप आडवा आला तर त्याला हाताने बाजूला सारून, "काका, तुमचं लगन झालं ना? सरका," म्हणणारा तो माणूस. आम्ही दोघांनी अख्ख्या तालुक्याची लग्नं लावली, मी माईकवर आणि तो कॅमेऱ्यामागे. मी बोलायचो ते तो भरून घ्यायचा आणि घरी जाऊन निम्मं कापायचा. "तू बोलत नाई सुभाष," तो म्हणायचा, "तू सांडतो."

पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आले, आकाशात भिरभिरणारे कॅमेरे आले आणि दिगूचं दुकान बंद झालं. तेव्हा या माणसाने एक खूळ काढलं. जुन्या कॅसेटी, सीड्या, सगळं एका कॉम्प्युटरात भरायला घेतलं. त्यात लग्नं, भागवत सप्ताह, पोळ्याच्या मिरवणुका, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवरच्या दिवाळ्या, सगळं होतं. ज्याला पाहायचं त्याला त्याने नाव आणि पासवर्ड देऊन टाकला. पाहा म्हणे, जिथं असाल तिथून. कॉम्प्युटर ठेवला स्वयंपाकघरात, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथेच होता. फळीवर एक पिठाचा डबा, त्याच्या शेजारी हा. वंदनावहिनींनी त्याला पहिल्या दिवसापासून 'डबा'च म्हटलं आणि मग सगळा तालुका डबाच म्हणू लागला. पंख्यात पीठ जायचं. वहिनी कुरकुरायच्या, दिगू फुंकर मारायचा आणि पीठ दिगूच्या मिशीवर बसायचं. दोघांचा संसार एवढाच, मूलबाळ नव्हतं. तिसरा तो डबा.

डबा अधूनमधून आपोआप भरायचा. नवीन काही न टाकता भरायचा, हे विशेष. दिगूला पहिला संशय आला माझा. "तुह्ये भाषणंच एवढे लांब हायेत," म्हणत त्याने माझी दोन सत्काराची निवेदनं पुसायला घेतली होती. मी हात धरला. मग कितीतरी दिवस त्याने मुळाशी जाऊन शोधलं आणि एका दुपारी मला समोर बसवून समजावलं. ऊसतोडीला गेलेली बाई फडावरून डब्यातल्या आपल्या लग्नात आईला पाहू बघते. तिच्या फोनला रेंज बोटभर. एवढं मोठं लग्न त्या रेंजमधून जाणार कसं? म्हणून डबा ते लग्न जागच्या जागी बारीक करतो, त्याचे घास करतो आणि एकेक घास पाठवतो. ते घास एका कोपऱ्यात तात्पुरते ठेवलेले असतात. पाहणाऱ्याने नीट बंद केलं, तर डबा ते पुसून टाकतो. पण आपल्याकडे नीट बंद कोण करतं? रेंज जाते, फोन तसाच खिशात जातो. त्यात आपली लाइट गेली आणि इन्व्हर्टरने दम तोडला, की डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सुरू झाल्यावर त्याला आठवतच नाही की ही ताटं कोणाची. ती तशीच पडून राहतात.

"पंगतीतून अर्धवट उठलेल्यायचं उष्टं हाये हे," दिगू म्हणाला. तेव्हापासून त्या कोपऱ्याचं नाव उष्टं. दर आठवड्याला तो ते हाताने काढायचा. मलाही शिकवलं, आणि एकच ताकीद दिली, की आधी कोणी पाहत नाही ना ते बघ. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढायचं नाही.

असं हे तालुक्याचं उष्टं त्याने वर्षानुवर्षं काढलं. आणि तालुक्याने काय केलं ते सांगतो.

फुप्फुसात पाणी झालं म्हणून त्याला अकोल्याला दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो ती आमची शेवटची भेट. दिगू भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेला, कानात वायर, हातात फोन. वहिनी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या. त्यांनी ओठांनीच पलंगाकडे खूण केली. "पाहा भाऊजी. इथं बी पिक्चर. मी इथं भुतावानी बसली, अन् हा मानूस भितीकडं तोंड करून पिक्चर पाहून राह्यला." मग वाकून जरा मोठ्याने, "काय पाहून राह्यले एवढं?"

दिगूने फोन छातीवर उपडा केला. "काई नाई."

तेवढ्यात फोन वाजला. दिगूने नाकावरचा मास्क सरकवला आणि धापा टाकत कोणाला तरी सांगितलं, की लाइट गेली असेल, शेजारच्याला इन्व्हर्टरचं बटन दाबायला सांगतो. मी होतो तेवढ्या वेळात असे बरेच फोन आले. एकाला वास्तुशांती दिसत नव्हती, एकाच्या मेहुणीच्या हळदीचा आवाज येत नव्हता. बाबा, तू कसा आहेस, असं एकानेही विचारलं नाही. मी म्हटलं, दे तो फोन इकडे, असा एकेकाचा समाचार घेतो की घरातला टीव्हीसुद्धा लाजेल. तो म्हणाला, "राहू दे. तू सांडशील."

तेरवीला मात्र सगळे आले. पंगती उठल्या, पत्रावळी तशाच पडून. हात धुता धुता एकजण माझ्या कानाशी लागला, "सुभाषभाऊ, आता डब्याचा मेन पासवर्ड कोनापाशी?"

"वर घेऊन गेला," मी म्हटलं, "जाऊन विचारून ये."

खोटं बोललो. दिगूचा पासवर्ड माझ्यापाशीच होता.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. डबा भरला, लाल दिवा लागला, आणि घरचा फोन ठेवला की वाजतो, ठेवला की वाजतो. "या अन् कायमचा बंद करून टाका," त्या म्हणाल्या. "मले त्याच्याकडं पाहवत नाई. शेवटल्या दिवशी बी माह्याशी एक शब्द बोलले नाई ते. फोन पाहता पाहताच गेले. हातातून फोन मीच काढला, पडदा काळा झाला होता. कायचा पिक्चर होता कोन जाने... त्याच्यापायी माह्याकडं मान नाई वळवली."

मला आनंदच झाला. बंद करायला तर मी टपलेलोच होतो. माझ्या गावाहून, मेडशीहून, बसने कारंजाला जाताना डबा बंद म्हणून लोकांना काय सुनवायचं, त्याचं भाषण मी मनात रचत होतो. वाटेत आणखी एक दुष्ट विचार सुचला, आणि तो मला फार आवडला. उष्टं तर तसंच पडलेलं असणार. दिगू गेला त्या दिवसाची ताटं उघडायची. तो जात होता तेव्हा कोण कोणाच्या हळदीला नाचत होतं, ते पाहायचं, आणि मग पुढच्या प्रत्येक लग्नात माईकवरून एकेकाला गोड शब्दांत भाजायचं. एवढ्यासाठी मी फळीसमोर स्टूल ओढून बसलो. वहिनी मागे भाकरी थापत होत्या.

त्या सकाळचं एकच ताट निघालं. तेही लोकांच्या नावावर नव्हतं, दिगूच्या स्वतःच्या खात्यातलं होतं, जिथलं इतर कोणाला दिसतच नसे. मी उघडलं.

गच्ची. उन्हात पसरलेलं लुगडं. त्यावर मुगवड्या घालणारी, पदर खोचलेली, तिशीच्या आतली एक बाई. नवा कॅमेरा आणला की दिगू तो असा तपासायचा, दिसेल त्यावर. बाई वड्या घालते आहे, कपाळावरचा घाम दंडाने पुसते आहे, आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. कंटाळा येईल इतका वेळ हलत नाही. मग ती वर बघते आणि ठसक्यात म्हणते, "बंद करा ते. काम नाई का तुमाले?... काय पाहून राह्यले एवढं?"

आणि चित्र तिथेच तुटलं. त्यापुढचे घास नव्हते.

मागे भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. वहिनी पिठाच्या हातांनी माझ्या पाठीशी उभ्या होत्या. "मी हाये ते," त्या म्हणाल्या. मग, "पुन्हा लावा." मी लावलं. पुन्हा तिथेच तुटलं. मला वाटलं, आता बांध फुटेल. मी खिशात रुमालही चाचपला. पण त्यांचा चेहरा चुलीवरच्या तव्यासारखा तापत गेला.

"मी तिथंच बसली होती ना, भाऊजी. हात पुरत होता. जित्ती बाई बाजूले बसली अन् हा मानूस तिले फोनात पाहून राह्यला. मान वळवली असती तं दिसली नसती का मी?"

मी आपलं जे येत होतं ते सांगितलं, की हे तर नुसतं उष्टं आहे, अख्खं चित्र डब्यात शाबूत आहे. तुम्ही विचारलंत त्यावर तो काय बोलला, तेही असेल. लावू?

"नोको."

"वहिनी, ऐका तरी—"

"दवाखान्यात हेच इचारलं होतं मी. तुमच्यासमोर. 'काई नाई' म्हणले. तेच उत्तर हाये माह्यापाशी. गच्चीवरचं गोड उत्तर आता कायले ऐकू?"

तव्यावरची भाकरी करपली होती. त्यांनी ती उतरवली, हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाल्या, "बंद नका करू. उष्टं कसं काढतात ते शिकवा मले." मी शिकवलं. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढायचं नाही, हेही सांगितलं. त्यांनी ओलसर बोटाने एकेक ताट निवडून पुसलं. वास्तुशांत्या, हळदी, वराती, सगळं. शेवटी ते एकच राहिलं. मी विचारलं, हे? हे ठेवायचं?

"चोरी धरली हाये मी त्याईची," वहिनी म्हणाल्या. "पुरावा कायले पुसता?"

तर डबा चालू आहे. पिठाच्या डब्याशेजारी घुमतो आहे. उष्टं आता वहिनी काढतात, आणि दिगूपेक्षा कडक आहेत. अर्धवट उठणाऱ्यांना फोन करून झापतात म्हणे. आणि मी इथे मेडशीत ओट्यावर बसून फोन हातात फिरवतो आहे. दिगूचा पासवर्ड माझ्यापाशी आहे. गच्चीवर त्या बाईला दिगूने काय उत्तर दिलं, ते एका बोटावर आहे. दुसऱ्याच्या घरातलं ऐकल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, असा मी माणूस. पण आमची रेंज मला ठाऊक आहे. ती मध्येच जाणार, माझं ताट तिथे पडून राहणार, आणि वहिनी ते बरोबर ओळखणार. बोलणार काही नाहीत. पुढच्या खेपेला चहाचा कप पुढे करताना एवढंच विचारतील, काय पाहून राह्यले होते, भाऊजी?... आणि मलाही भिंतीकडे बघून म्हणावं लागेल, काई नाई.