कोणी न घेतलेले खेळ

पनवेल परिसरातलं एखादं दुकान बंद पडणार असेल, तर ते मालकाच्याही आधी माझ्या मामेसासऱ्यांना कळतं. बायकोचे हे मामा बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाले आणि करंजाड्याला राहतात. दुकानातली गेलेली ट्यूब आठ दिवसांत बदलली नाही, की मामा आत शिरून मालकाशी ओळख काढून ठेवतात. पुढे काचेवर सेलचा कागद लागला, की पहिलं गिऱ्हाईक तेच. टीव्ही, मिक्सर यांच्याकडे ते बघतही नाहीत. त्यांना व्हिडिओ गेमच्या सीडी हव्या असतात, त्याही खोक्याच्या तळाशी गेलेल्या. ‘स्वस्तात काय आहे’ असं न विचारता ते म्हणतात, "कोनी नाय घेतला ते दाखवा." जी वस्तू शंभर लोकांनी उचलून परत ठेवली, तिच्यात काहीतरी बघण्यासारखं असणारच, अशी त्यांची श्रद्धा आहे. वडापावच्या भावात आणलेल्या या सीड्यांनी घरातलं कपाट भरलंय आणि मामींच्या साड्या ट्रंकेत गेल्यात.

बरं, खेळायला बसल्यावर जिंकणं-हरणं हा मामांचा विषयच नसतो. मोटारींच्या शर्यतीत ते गाडी रस्त्याखाली उतरवून पलीकडच्या डोंगराला मागची बाजू आहे का ते शोधत राहतात. एकदा लढाईच्या खेळात ते एका बेकरीसमोर उभे राहिले आणि त्यांना तीनदा गोळी लागली. मी म्हटलं, "मामा, पळा की." ते म्हणाले, "लढाई काय, चालूच असते. आत पाव कोन भाजतो ते बगू दे." मला या कुतूहलाचं नवल वाटायचं. मग एकदा चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "तीस वर्षं वर बसून लोकांचे कंटेनर उचलले जावईबापू. एकाचाबी आत काय हाय ते नाय कळला." त्यानंतर मी त्यांना पळायला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी नवीन पनवेलमधलं एक जुनं दुकान बंद होत होतं. तिथे माळ्यावरून काढलेल्या खोक्यात मामांना एक जुनाट गेम सापडला. टीव्हीला जोडायचं यंत्र, रिमोट आणि आत अडकून बसलेली एक सीडी. बेटावर घर बांधायचं, शेती करायची, असा साधा खेळ होता. पण यंत्र सुरू केलं तर बेटावर आधीच कुणाचं तरी घर होतं. लाल छप्पर, दारात भोपळ्याचा वेल, आणि पाटीवर इंग्रजीत नाव : शर्वरी. नवा डाव मांडायचा तर हे घर पुसावं लागणार होतं. मामांनी रिमोट खाली ठेवला.

"कोनाचा घर मोडून आपला नाय बांदायचा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर घेऊन दुकानदाराकडे गेले.

दुकानदाराला आठवत होतं. "सुकापूरचे एक मास्तर. मुलगी दहावीला होती, म्हणून विकून गेले. परीक्षा झाल्यावर परत मागायला आले. दोनदा आले. मलाच सापडला नाही."

सुकापुरात मास्तरांचं घर शोधायला आम्हाला पाच सोसायट्या आणि पंधरा दिवस लागले; तोवर मामा रोज रात्री काही न मोडता बेटावर नुसते फिरत. प्रत्येक वॉचमनला मामा "शर्वरीचा घर बेटावर सापडला" असं सांगत, आणि वॉचमन माझ्याकडे बघत. शेवटी दार उघडलं ते खुद्द मास्तरांनीच. पिशवीतलं यंत्र पाहून ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "ती पुण्याला असते. रविवारी येणार आहे. तुम्हीपण या. मला एकट्याला जमायचं नाही."

रविवारी शर्वरी आली. तिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी बाई, पण यंत्र जोडल्यावर टीव्हीत पाटीवरचं आपलं नाव वाचून ती जमिनीवर मांडी घालूनच बसली. मामांनी आपलं काम समजून दुकानदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिने मान वळवली.

"बाबा, तुम्ही परत गेला होतात?"

"सापडला नाही म्हणाले," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले.

"मला कधी बोलला नाहीत."

"मिळाला असता तर बोललो असतो."

ती सरकून बाजूला जागा करत म्हणाली, "इथे बसा. वेलाला पाणी तुम्ही घाला." मास्तरांचा अंगठा भलतंच बटण दाबत होता, आणि ती त्यांचा अंगठा धरून योग्य बटणावर ठेवत होती. मामा मध्येच पुढे वाकून विचारत होते, "धबधब्यामागं काय हाय? मी पंधरा दिवस फिरलो, वाट नाय गावली." तिने हसून वाट दाखवली. आत रिकामी गुहा होती. मामा अत्यंत समाधानाने म्हणाले, "बराबर."

यंत्र ती पुण्याला घेऊन गेली. मामांना अधूनमधून बेटाचा फोटो पाठवते. मामांची नजर हल्ली अधू झाली आहे. ते फोटो मोठा करून मला एखादा कोपरा दाखवतात आणि म्हणतात, "ही पायवाट कुठं जाते, इचारा तिला." मी विचारतो. ती कामात असते, उत्तर कधी चार दिवसांनी येतं : ‘मलाही माहीत नाही काका, जाऊन बघते.’ तेवढं वाचून दाखवलं, की मामा फोन उशाशी ठेवतात आणि वाट बघत पडून राहतात.