अक्काच्या सफरचंदांवरचा पाक

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयनगरच्या बाजारात फळवाल्यासमोर उभी होते. पुढ्यात सफरचंदांचीच रास होती. फोनवर अक्काचा मुलगा. "मावशी, आई झोपेतच गेली," एवढंच म्हणाला. निवडलेली फळं तशीच परत ठेवली आणि रिक्षात बसून घरापर्यंत रडले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, या बाईला तिची मायाच नव्हती.

सुमित्राक्का आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, मूळची निपाणीची. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून बंगळुरात आले, तेव्हा दूधवाल्याशी कसं बोलायचं इथपासून सगळं तिनंच शिकवलं. नाताळच्या सुट्टीत तिच्या स्वयंपाकघरात बिल्डिंगमधल्या पोरांची जत्रा भरायची. काडीला टोचलेली सफरचंदं साखरेच्या लाल पाकात बुडवायची, तूप लावलेल्या ताटात उलटी उभी करायची आणि गार झाली की नखानं वाजवायची. टक् असा आवाज आला की म्हणायची, "सरी! जमलं की, आता घ्या रे." माझी मुलगी रेवा त्या ताटासमोरून हलायची नाही.

मला वाटे, आपल्या लेकीला आपल्या हातानं करून घालावं. अक्काकडून कृती विचारून घेतली. पाक गोळीबंदच्याही पुढे न्यायचा, थेंब गार पाण्यात टाकला की कटकन मोडला पाहिजे... सगळं तंतोतंत केलं. पण माझ्या सफरचंदांवर पाक ठरेल तर शपथ! सुळकन घसरून ताटात लाल थारोळं. एकदा तिला शेजारी बसवूनच केली. देवापुढचं फळ मऊ फडक्यानं चकाकेपर्यंत पुसायची आमच्या माहेरची रीत, तशी मी पुसत बसले होते. "भारी चकाकतंय की गं," अक्का म्हणाली. मग पाक घसरला, तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "स्वल्प गरम हात आहे बघ तुझा. असू दे, मी आहे की."

रेवा तिच्याकडे गेली ती सुट्टीभर तिथंच. पुढे परीक्षेची धास्ती, पहिली नोकरी, प्रेमात पडल्याची बातमी... सगळं आधी अक्काला कळायचं, मग मला. मी मनाशी म्हणायचे, काय करणार, आपला हातच गरम.

अक्काच्या मुलानं घर आवरताना तिचं जाड बुडाचं पातेलं आठवण म्हणून मला दिलं. त्यानंतर परवा सर्जापूर रोडला रेवाकडे गेले, तर ती तिच्या मुलासाठी तीच सफरचंदं करत होती. आधी उकळत्या पाण्यात बुडवून खरखरीत पंच्यानं खसाखसा पुसत होती.

"हे कशाला?"

"मेण काढायला. बाजारातल्या सफरचंदांना मेण लावलेलं असतं, ते राहिलं तर पाक धरत नाही. आणि तू तर घासून वर आणखी चमकवायचीस!"

"कुणी सांगितलं तुला?"

"अक्कानं. मी शाळेत होते तेव्हाच." ती हसत होती. "म्हणाली, आईला सांगू नको हं, नाहीतर तू कशाला येशील माझ्याकडं?"

घरी आले आणि अंगाचा तिळपापड झाला. माझ्या शेजारी बसून, माझं घासणं बघत, वर कौतुक करत होती ही बाई! आणि माझ्याच पोरीला त्यात सामील करून घेतलं. नवरा लवकर गेलेला, मुलगा हॉस्टेलला, घर खायला उठायचं... कळतं मला. मागितली असतीस तर अर्धी सुट्टी दिली असती गं तुला. फसवलंस मला. आता तुझ्याशी भांडायला यावं, तर तुझ्या दाराला कुलूप.

काल तिच्याच पातेल्यात पाक केला. सफरचंदं उकळत्या पाण्यातून काढून पुसली. पाक असा बसला की बघत राहावं. नखानं वाजवून पाहिलं. टक्... अगदी तिच्यासारखं. तेवढ्यात रेवाचा फोन आला; करून बघणार आहे हे तिला सकाळीच सांगितलं होतं.

"काय गं आई, जमली का?"

मी ताटाकडे बघितलं. "कुठली! घसरला सगळा पाक."

"मेण राहिलं असणार. असू दे, रविवारी मी येते, मीच करते."

"ये," मी म्हणाले. फोन ठेवला, ताट उचलून कपाटात लपवलं आणि अक्काचं पातेलं घासायला घेतलं.